दिगूअण्णांची मोंढ्यातली बाग

दिगूअण्णांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या गुलाबांवर उभा होतो.

म्हणजे तसं त्यांचं म्हणणं होतं. मला पायाखाली दिसत होती ती भेगाळलेली काळी माती, गुटख्याच्या पुड्या आणि शेळ्यांच्या लेंड्या. सोनपेठहून या गावात येऊन मेडिकलचं दुकान टाकल्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. दुकानातून बँकेत जायचं तर जुन्या मोंढ्याचं मैदान तिरकं ओलांडलं की वाट निम्मी होते, म्हणून मी निघालो होतो. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "ओ पाव्हणं, जरा बाजूनं. गुलाबं हायत तिथं."

मी खाली बघितलं, मग मागं बघितलं. खाकी पँट, पांढरा सदरा, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं, असा एक उंच किडकिडीत म्हातारा माझ्याकडं शांतपणे बघत होता.

"कुठं आहेत गुलाब?" मी विचारलं.

"अजून लावले न्हाईत. पर जागा तीच हाय. खामखा तुडवू नका. वाट ही बघा, हिकडून हाय."

आणि त्यांनी मला चुन्याच्या दोन पुसट रेघांमधून, मैदानाच्या मधोमध जिथं काहीच नव्हतं त्याला रीतसर वळसा घालून, पलीकडच्या टोकाला पोचवलं. ते मधलं 'काहीच नव्हतं' म्हणजे कारंजं होतं, हे मला नंतर कळलं.

गावाचं नाव सांगत नाही. सेलू नव्हे, मानवत नव्हे, एवढं सांगून ठेवतो; बाकी परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव जसं असतं तसं. जुना मोंढा म्हणजे या गावाच्या ऐन पोटातली जागा. पूर्वी इथं कापसाच्या गाड्या लागायच्या, सौदे व्हायचे, हमालांची गर्दी असायची. मग मोंढा बायपासला गेला आणि ही जागा मोकळी झाली. मोकळी म्हणजे आपल्याकडच्या अर्थानं मोकळी. सकाळी टेम्पो, दुपारी शेळ्या, संध्याकाळी पाणीपुरीचे गाडे. कुणाच्या घरी लग्न निघालं की मांडव, निवडणूक निघाली की सभा. चारी बाजूंनी कापड दुकानं, सराफा, भाजीबाजार, आणि एका कोपऱ्यावर माझं दुकान. या एवढ्या मोठ्या बाजारात माणसाला पैसे न देता टेकायला एक दगडसुद्धा नव्हता. तिथं बाग झाली पाहिजे, असं दिगूअण्णांच्या मनानं घेतलं होतं. मनानं घेतलं म्हणजे अण्णांच्या लेखी ती झालीच होती. नगरपालिकेला तेवढं कळायचं राहिलं होतं.

अण्णा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. सगळी नोकरी माणसांना पुढं सरकवण्यात गेलेली. त्यामुळं मोकळी जागा दिसली की तिच्यात कोण कुठं बसेल, हे त्यांना आपोआप दिसायचं. त्यांचा आवडता शब्द 'कायदेशीर'. चहा चांगला झाला तर कायदेशीर, पाऊस वेळेवर आला तर कायदेशीर, आणि मी औषधाच्या पाकिटावर वेळा लिहून दिल्या तर माझं दुकान एकदम कायदेशीर. मला ते पहिल्या दिवसापासून डॉक्टर म्हणायला लागले. मी डॉक्टर नाही, केमिस्ट आहे, असं मी बरेच दिवस सांगून बघितलं. "असू द्या की," ते म्हणायचे. "पांढरा कोट घातला, गोळी दिली, अजून काय असतंय डॉक्टरला?"

मी राहायला दुकानामागच्या गल्लीतच होतो, त्यांच्या घरासमोर. त्यामुळं कमलकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, मतही मला रोज ऐकायला मिळायचं. "अंगणातली तुळस वाळली," त्या दारात उभं राहून सगळ्या गल्लीला सांगायच्या, "अन हे तिकडं बाग करायलेत. घरचा चुना संपला. दिवाळीला भिंत कशानं रंगवू, ह्यांच्या गुलाबानं?"

चुना खरंच संपायचा. अण्णा दर सोमवारी सकाळी डबा घेऊन मैदानात जायचे आणि पुसलेल्या रेघा पुन्हा मारायचे. वाटा, वाफे, कारंजं, लेकरांचे झोके, म्हाताऱ्यांची बाकडी. मग बाजूला उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वळवायचे.

सगळ्यात जड गेले शकूरभाई. त्यांच्या शेळ्या वर्षानुवर्षं तिथंच बसत आलेल्या. त्या दोघांचा संवाद मी दुकानातून ऐकलेला आहे.

"अण्णा," शकूरभाई म्हणाले, "बकरी को क्या मालूम गुलाब किदर हैं."

"बकरीला न्हाई मालूम. तुमाला तर मालूम हाय ना? तुमी सांगा तिला."

शकूरभाईंनी थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून ते शेळ्या खरोखरच वाटेनं न्यायला लागले. वाद घालण्यापेक्षा वळसा घालणं सोपं पडतं, हे हळूहळू सगळ्या गावाला कळलं. टेम्पोवाले बाकडी सोडून गाडी लावायला लागले. शाळेच्या पोरी कारंज्याला वळसा घालून जायच्या. एकदा जिल्ह्याहून कुणी साहेब आले होते. चौकात गाडी थांबवून ते बराच वेळ बघत राहिले, की या गावातली माणसं मोकळ्या मैदानात सरळ का चालत नाहीत. बरोबरच्या शिपायानं सांगितलं, "साहेब, तिथं बाग हाय." साहेबांनी मान हलवली आणि काच वर केली.

बागेची मागणी खऱ्या अर्थानं पुढं आली ती भाऊंच्या जनता दरबारात. भाऊ म्हणजे आमच्याकडचे नेते. कुठल्या पक्षाचे ते विचारू नका, सांगेपर्यंत बदललेला असतो. दरबारात कुणी नळाचं बोलत होतं, कुणी घरकुलाचं. अण्णा उठले आणि म्हणाले, "जुन्या मोंढ्यात बाग पाहिजे. लय मोठी नको. बसायला बाकडी, चार झाडं. बस."

भाऊंना अशी मागणी फार दिवसांनी आली असावी. नळाचं आश्वासन देऊन देऊन त्यांना स्वतःलाच कंटाळा आला होता. ते माइकजवळ झुकले आणि म्हणाले, "अण्णा, बाग झाली समजा." टाळ्या पडल्या. अण्णा माझ्या दुकानात येऊन बसले आणि पाणी मागून घटाघटा प्याले. "झाली समजा, म्हणाले," ते म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही तर आधीपासूनच समजता आहात." त्यावर ते हसले नाहीत. त्या विषयावर ते कधीच हसायचे नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बागेच्या कामाची पहिली बैठक नगरपालिकेच्या सभागृहात झाली. अण्णांनी मला बळंच नेलं होतं. विषय एकच होता, बागेला नाव काय द्यायचं. एका गटाला एक नाव हवं होतं, दुसऱ्याला दुसरं. तिसऱ्या गटाला या दोन्ही नावांबद्दल अत्यंत आदर होता, म्हणूनच त्यांचं तिसरं नाव होतं. चौथे एकजण भाऊंच्या वडिलांचं नाव सुचवून खाली बसले आणि भाऊंनी दोन्ही हात जोडून 'नको नको' असं म्हटलं, पण ते इतक्या हळू, की इतिवृत्तात आलं नाही. दुपारचं जेवण झालं, भजी झाली, चहा झाला. पाण्याचं काय, झाडं कोणती, राखण कोण करणार, हे कुणीच विचारलं नाही. शेवटी अण्णा उभे राहिले.

"नाव देऊच नका," ते म्हणाले. "नुसतं बाग म्हणा. गावात एकच तर हाय."

सगळ्यांनी त्यांच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. एक जुने नगरसेवक समजुतीच्या सुरात म्हणाले, "अण्णा, बिननावाच्या बागेला निधी कोण देईल? आणि उद्घाटनाची पत्रिका कशी छापायची?"

पत्रिकेचं नाव निघाल्यावर अण्णा गप्पच झाले. मला वाटलं, पटलं असेल.

पुढं भूमिपूजन झालं. त्यानंतर सरकारात काही इकडचं तिकडं झालं, म्हणून दुसऱ्या बाजूच्या लोकांनी येऊन त्याच जागेचं पुन्हा भूमिपूजन केलं. दोन्ही वेळा रिबिन बांधलेली कुदळ आमच्या काळ्या मातीत रुतून बसली आणि ती उपसायला शकूरभाईंना बोलवावं लागलं. मग एक दिवस खरोखर वाळू आणि सिमेंट येऊन पडलं. अण्णांनी सकाळीच आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला. संध्याकाळपर्यंत खड्डे खणून झाले, आणि थोड्याच दिवसांत तिथं कमान उभी राहिली. काय ती कमान म्हणून सांगू. दोन्ही बाजूला सिंह, वर कमळ, मधे मोकळी पाटी, कारण नाव ठरायचं होतं. कमानीला लोखंडी गेट. गेटला कुलूप.

कमानीच्या दोन्ही अंगाला भिंत नव्हती, तारेचं कुंपण नव्हतं, काहीच नव्हतं. शेळ्या सिंहांच्या बाजूनं आरामात आत-बाहेर करायच्या. पण अण्णा म्हणजे अण्णा. कमान झाल्यापासून ते गेटातूनच जायचे. गेटला कुलूप असलं की गेटबाहेर उभे राहायचे.

"अण्णा, बाजूनं या की," मी दुकानातून ओरडायचो.

"गेट असताना बाजूनं कामून यायचं? कायदेशीर हाय का ते?"

नगरपालिकेचा माणूस किल्ली घेऊन कधीतरी यायचा. तोवर अण्णा चुन्याचा डबा हातात धरून, मोकळ्या मैदानाच्या दारात, बंद गेटकडं तोंड करून उभे. येणारेजाणारे त्यांना 'गार्डनअण्णा' म्हणायला लागले ते तेव्हापासून.

मग निवडणुका लांबल्या, नगरपालिकेवर प्रशासक आले, आणि बागेऐवजी शॉपिंग कॉम्प्लेक्सचा नकाशा आला. गाळे निघणार, गाळ्यांचा लिलाव होणार, गावाचा विकास होणार. बाग रद्द झालेली नव्हती. ती कॉम्प्लेक्सच्या गच्चीवर गेली होती. नकाशात वरती हिरवा रंग दिलेला होता आणि त्यात एक गोरी बाई कुत्रं घेऊन फिरताना दाखवली होती.

हरकती मागवल्या होत्या. हरकत घ्यायला सगळ्या गावातून अण्णा आले आणि त्यांच्या बरोबर, दुकान बायकोवर सोपवून, मी. मुख्याधिकारी नवे होते, तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. म्हणूनच जास्त अडचण झाली.

"काका, तुमचं म्हणणं मला पटतं," ते म्हणाले. "पण गावाच्या मध्यात ही जागा फार किमती आहे. मी तुम्हाला याहून मोठी जागा देतो. बायपासला ओपन स्पेस आहे. तिथं ट्रॅक करू, लॉन करू, सगळं करू. कॉम्प्लेक्सही होईल, बागही होईल."

मला तर हे एकदम मान्य होतं. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा टेबलाच्या काचेखालचे फोटो बघत होते.

"बायपासला नको," ते म्हणाले.

"का? लांब पडतं?"

"लांबचं काय न्हाई. जिंदगी गाडीत गेली माझी." त्यांनी फोटोंवरची नजर वर केली. "बायपासला निघालेला माणूस बागेलाच निघाला, हे सगळ्याला कळतं. बाजारातल्या माणसाचं तसं न्हाई. पिशवी हातात असली की तो कशाला बी आलेला असतो. भाजीला आला, गोळी घ्यायला आला, दमला, टेकला. त्याला कोण कामून म्हणून विचारीत न्हाई."

साहेबांना काही समजलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. त्यांनी अण्णांचं म्हणणं 'ज्येष्ठ नागरिकांची सोय' अशा शब्दांत लिहून घेतलं आणि आम्ही उठलो. जिना उतरताना अण्णांनी कठडा घट्ट धरला होता. "आता कायदेशीर संपलं बघा, डॉक्टर," ते म्हणाले, आणि दोन दिवस मोंढ्यात आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ते कमानीपाशी पुन्हा हजर होते. पण रेघा मारायचं त्यांनी सोडून दिलं होतं. कॉम्प्लेक्सचा पाया खणायला सुरुवात झाली तेव्हा ते रोज जाऊन कंत्राटदाराला एकच विचारायचे, "नियमानं मोकळी जागा किती सोडायलाय?" कंत्राटदार वैतागून गेला. तो माझ्याकडं डोकेदुखीची गोळी घ्यायला यायचा आणि अण्णांच्या नावानं घ्यायचा. पण नियमात काहीतरी होतं खरं. इमारत उभी राहिल्यावर एका कोपऱ्याला, स्वच्छतागृह आणि जिना यांच्या मधे, एक तिकोनी तुकडा सुटला. त्यावर सिमेंटचे लाल-पिवळे गट्टू बसवले. अण्णांनी भांडून मधला एक गट्टू काढून घेतला आणि तिथं कडुनिंब लावला. त्याच्या भोवती जाळी आली, जाळीवर भाऊंचा फोटो आला. आणि एक सिमेंटचं बाकडं आलं. 'सौजन्य' या शब्दाखाली इतकी नावं होती, की पाठ टेकली की सदऱ्याला रंग लागायचा.

याचं उद्घाटन झालं. कमान पाडली होती, पण एक सिंह वाचला होता, तो तिथं आणून ठेवला. कोनशिलेवर 'उद्यान' असं लिहिलं होतं. भाऊ भाषणात म्हणाले की त्यांचं फार दिवसांचं स्वप्न पूर्ण झालं. अण्णांना नारळ मिळाला. लोक पांगल्यावर मी त्यांना म्हटलं, "अण्णा, एवढी वर्षं घासलीत आणि हाती काय आलं, मुतारीशेजारी एक बाकडं."

"एकच लागत होतं," अण्णा म्हणाले.

त्या दिवसापासून ऊन उतरलं की अण्णा येऊन त्या बाकड्याच्या अगदी डाव्या टोकाला बसायचे. इतके कडेला, की अर्धे बाहेर. बाकीचं बाकडं मोकळं. कुणी पोरं येऊन बसली तर काही बोलायचे नाहीत, पण ती उठेपर्यंत त्यांच्याकडं असं बघायचे, की पोरं लवकर उठायची. अंधार पडायला आला की घरी. मला दुकानातून ते सगळं दिसायचं, आणि मी गिऱ्हाइकांना गमतीनं सांगायचो की आमच्या अण्णांनी गावाची बाग स्वतःसाठी मंजूर करून घेतली.

एकदा हीच गंमत मी कमलकाकूंना सांगितली. त्या बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. मला वाटलं त्या नेहमीसारखं चार शब्द ऐकवतील. त्या नुसत्या काउंटरवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, तुमी बाहेरगावचे. तुमाला ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "मारोतराव तुमच्याकडंच येतेत ना गोळ्याला? जिनिंगवाले?"

येत होते. पलीकडच्या पेठेत राहणारे, काठी टेकत चालणारे, कमी बोलणारे मारोतराव. कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेले, म्हणून जिनिंगवाले. ते आले की मी शुगरच्या गोळ्यांची पाकिटं न मागता काढून द्यायचो.

"ते ह्यांचे थोरले भाऊ."

माझा विश्वास बसेना. एवढ्या वर्षांत ते दोघे एकमेकांशी बोललेले मी पाहिले नव्हते. एकाच वेळी दुकानात आलेलेसुद्धा पाहिले नव्हते.

मग काकूंनी सांगितलं. अण्णा-काकूंच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका छापायला टाकली. थोरल्या भावाचं नाव निमंत्रकात पहिलं असायला पाहिजे. छापणाऱ्यानं काय घोळ घातला कोण जाणे, मारोतरावांचं नाव गेलं खाली, मित्रमंडळाच्याही खाली, 'आणि बालगोपाळ' याच्या बरोबर वर. पत्रिका वाटून झाल्यावर लक्षात आलं. मारोतराव लग्नाला आले नाहीत. निरोप पाठवला, की तुझ्या उंबऱ्याला आता पाय लावणार नाही. सख्खा काका लग्नात नाही म्हणून मांडवात पाहुणे कुजबुजायला लागले. अण्णाही चिडले. भर मांडवात म्हणाले, मी बी त्याच्या उंबऱ्याला लावणार नाही.

"अन ह्यांचं तुमाला माहीतच हाय," काकू म्हणाल्या. "बोललं म्हंजे कायदा. आता दोघांचं वय झालं, दोघांचा राग बी कवाच गेला. पर हे तिकडं जायनात, दादा हिकडं येईनात. लेकीला दोन लेकरं झाली, दादांनी अजून बघितली न्हाईत."

"मग बाहेर कुठं भेटायचं. हॉटेलात."

"हॉटेलात दोघं बसले तर चहा यायच्या आत गावभर होतं. मग लोकं विचारणार, कोण वाकलं. देवळात म्हणावं तर दादा देव मानत न्हाईत." त्यांनी गोळ्या पिशवीत टाकल्या. "म्हणून ह्यांनी हे खूळ घेतलं. म्हणले, बाजारात बसायला जागा झाली तर दादा भाजीला आल्यावर टेकंल. मी आधीच बसलेला असंन. मी कुठं गेलो न्हाई, तो कुठं आला न्हाई."

"मारोतरावांना माहीत आहे हे?"

"कोण सांगंल त्यांना?"

त्यानंतर मी गिऱ्हाइकांना ती गंमत सांगितली नाही. मारोतराव औषधाला आले की मात्र जीव कासावीस व्हायचा. ते भाजी घेऊन माझ्या दुकानावरून जायचे, कोपऱ्यावर क्षणभर थांबायचे, बाकड्याकडं बघायचे आणि काठी टेकत पेठेकडं वळायचे. अण्णा त्या वेळी कडुनिंबाकडं बघत असायचे. पावसाळा असाच गेला. दिवाळी गेली. कडुनिंब जाळीच्या वर आला.

थंडीतली गोष्ट. संध्याकाळी लाइट गेली होती, दुकानात उजेड नव्हता. बायको काउंटरला होती, म्हणून मी जाऊन अण्णांच्या शेजारी बसलो. शेजारी म्हणजे बाकड्याच्या मधे. अण्णा गहू कसा आलाय ते सांगत होते आणि सांगता सांगता एकदम थांबले. मी मान वळवली. मारोतराव कोपऱ्यावर उभे होते. एका हातात काठी, एका हातात पिशवी, पिशवीतून मेथीचे शेंडे बाहेर आलेले. त्यांना धाप लागली होती. खरी होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ते हळूहळू आले आणि बाकड्याच्या उजव्या टोकाला बसले. तेही अर्धे बाहेर.

मी मधे. डाव्या हाताला अण्णा, उजव्या हाताला मारोतराव.

मग मारोतराव समोर बघत मला म्हणाले, "डॉक्टर, ती नवी गोळी घेतली की चक्कर यायलीय."

मी तोंड उघडायच्या आत डावीकडून आवाज आला. तोही समोर बघतच. "डॉक्टर, त्यांना म्हणावं, उपाशीपोटी घेऊ नये."

"डॉक्टर, ह्यांना म्हणावं, उपाशी कामून घेईन, मी काय खुळा हाय?"

"त्यांना म्हणावं, लहानपणापासून न खाता शाळेला जायची सवय हाय. आई भाकरी घेऊन मागं पळायची."

मारोतरावांनी काठी गुडघ्यावर आडवी घेतली. मग त्यांनी मला विचारलं, "लेकरं किती मोठी झाली म्हणावं?"

"थोरला बोलायलाय चांगला," अण्णांनी मला सांगितलं. "धाकटी आता कुठं पावलं टाकायलीय. संक्रांतीला येणार हायत."

ते मला हे सांगत होते, पण त्यांचा आवाज माझ्याजवळ थांबत नव्हता. माझ्या लक्षात आलं, की या बाकड्यावर माझं आता काही काम नाही. मी म्हटलं, "दुकानात गिऱ्हाईक आलंय," आणि उठलो. गिऱ्हाईक नव्हतं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. असा घाबरलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता, मुख्याधिकाऱ्यांसमोरसुद्धा नाही. मी वळून न बघता रस्ता ओलांडला.

दुकानात येऊन मेणबत्ती लावली आणि मग बघितलं. दोघे तसेच, दोन टोकांना, समोर बघत. मधे माझी जागा मोकळी. मला वाटलं, चुकलं आपलं, बसायला हवं होतं. तेवढ्यात मारोतरावांनी मांडीवरची पिशवी उचलून त्या मोकळ्या जागेत ठेवली. अण्णांनी पिशवीकडं बघितलं. मग त्यांनी त्यातली मेथीची जुडी काढली, दोरा सोडला, अर्धी थोरल्या भावाच्या पुढ्यात ठेवली आणि अर्धी आपल्या मांडीवर घेऊन निवडायला लागले.

बाजारातून माणसं चालली होती. त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही. अण्णा देठ खुडत होते, मारोतराव हळू आवाजात काहीतरी सांगत होते, आणि या वेळी ते मला सांगत नव्हते.